तह दोन सत्तांमध्ये होतो, हे चौथीच्या मुलांना नक्की कळते

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

मी मूळची नाशिकची. सध्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या उत्तरेकडील एका सरकारी प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. आमच्या राज्यात मूलनिवासी जमातींचे सार्वभौमत्व हा विषय शाळेत शिकवणे बंधनकारक आहे आणि माझ्याकडे तो नागरिकशास्त्राच्या तासाला येतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना एवढा जड विषय पेलेल का, ही माझी पहिली शंका. दुसरी अशी की, मी स्वतःच बाहेरून आलेली असताना हे शिकवण्याचा मला काय अधिकार? गेल्या वर्षी एका पालकांनी विचारले, ‘कायदा सर्वांना सारखा आहे ना, मग यांनाच जास्त मासे का? हे राजकारण वर्गात कशाला?’ मला नीट उत्तर देता आले नाही. यंदा वारली चित्रांपासून सुरुवात करावी आणि मुलांकडून तहाचा प्रसंग नाटकासारखा बसवून घ्यावा, असा विचार आहे. तुमचे मत कळवावे.

सप्रेम नमस्कार.

वयाच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती मिटली की बाकीचे प्रश्न सोपे होतात. नऊ वर्षांच्या मुलाला सार्वभौमत्वाची व्याख्या पाठ करायला लावली, तर ती परीक्षेनंतर पुसली जाईल. मात्र ‘इथे कोण ठरवते?’ हा प्रश्न त्याच्या रोजच्या जगण्यातला आहे आणि नागरिकशास्त्राचा गाभाही तोच आहे. शाळेची वेळ कोण ठरवते, रस्त्यावरची वेगमर्यादा कोण ठरवते, नदीत मासे किती धरायचे हे कोण ठरवते, असे विचारत गेलात की मुले शहर, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), राज्य आणि देश इथवर आपोआप येतात. तुम्हाला त्यांना आणखी एकाच ठिकाणी न्यायचे आहे: या प्रदेशात जमातीचे सरकारही आहे, ते या सर्वांच्या आधीपासून आहे आणि आजही काम करते आहे. हे एक वाक्य वर्गात पक्के रुजले, तर वर्षभरात बाकी काही कमी-जास्त झाले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते रुजवण्यासाठी फळ्यावरच्या आकृतीचा उपयोग करा. पाठ्यपुस्तकांत शासनसंस्थांची जी आकृती असते, तिच्यात वर संघराज्य, त्याखाली राज्य आणि त्याखाली काउंटी व शहर अशा चौकटी काढलेल्या असतात. तीच फळ्यावर काढा, तुमच्या जवळच्याच तुलालिप जमातीच्या नावाने ‘तुलालिप जमातीचे सरकार’ असे लिहिलेली चिठ्ठी मुलांच्या हाती द्या आणि ती कुठे लावायची ते त्यांना ठरवू द्या. बरीच मुले ती राज्याच्या खाली, शहराच्या शेजारी लावतील, कारण प्रदेश लहान म्हणजे अधिकारही लहान, असा त्यांचा हिशेब असतो. लगेच दुरुस्त करू नका. त्याऐवजी अमेरिकेच्या संविधानातले एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून आणा. पहिल्या कलमाच्या आठव्या भागात काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे, तो परकीय राष्ट्रांशी चालणाऱ्या, राज्याराज्यांमधल्या आणि ‘इंडियन’ म्हणजे मूलनिवासी जमातींशी चालणाऱ्या व्यापाराचा. या एका वाक्यात तीन नावे शेजारी शेजारी आहेत, ती मुलांनाच शोधू द्या. राज्यांच्या यादीत जमाती नाहीत, त्यांचा वेगळा उल्लेख आहे, हे एखाद्या तरी मुलाच्या लक्षात येतेच, आणि मग ती चिठ्ठी राज्याच्या खालून निघून बाजूला जाते. तिच्यापासून संघराज्याच्या चौकटीपर्यंत एक सरळ रेघ काढा, कारण जमातींचे मुख्य नाते केंद्र सरकारशी आहे.

इथे मुलांना अर्धवट चित्र देऊ नये. ही राष्ट्रे फ्रान्स किंवा कॅनडासारखी पूर्ण स्वतंत्र आहेत का, असे कोणी विचारले तर ‘नाही’ हे खरे उत्तर आहे. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी 1831 साली जमातींना ‘देशांतर्गत अवलंबून असलेली राष्ट्रे’ म्हटले आणि 1832 साली जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकी जमातीच्या प्रदेशात लागू होत नाहीत, असा निकाल दिला. त्यानंतरही काही वर्षांतच चेरोकींना त्यांच्या भूमीतून सक्तीने हुसकावून लावण्यात आले. न्यायालयाने हक्क मान्य करणे आणि सरकारने तो पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना चौथीतच समजले तर बिघडत नाही. जमातींकडे स्वतःचे सैन्य किंवा नाणे नाही. स्वतःच्या निवडणुका, न्यायालये, पोलीस, शाळा, दवाखाने आणि आपला सदस्य कोण हे ठरवण्याचा अधिकार मात्र आहे. देशभरात केंद्राची मान्यता असलेल्या अशा सुमारे पावणेसहाशे जमाती आहेत आणि त्यांपैकी 29 तुमच्या राज्यात आहेत.

हे सारे आजचे आहे, हे दाखवायला तुम्हाला लांब जावे लागणार नाही. दिवाळीच्या किंवा थँक्सगिव्हिंगच्या खरेदीसाठी सिअ‍ॅटलकडची मराठी कुटुंबेही ज्या प्रीमियम आउटलेट्समध्ये जातात, ते दुकानसंकुल तुलालिप जमातीच्या राखीव प्रदेशात, क्विल सीडा व्हिलेज नावाच्या वसाहतीत उभे आहे. ती वसाहत जमातीने स्वतःच्या अधिकारात वसवली. तिथल्या विक्रीकराचे पैसे कोणाकडे जावेत यावरून जमात, राज्य आणि काउंटी यांच्यात कोर्टात वाद झाला, आणि 2020 साली समझोता होऊन कराचा वाटा जमातीलाही मिळू लागला. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी तिथे बूट घेतले असतील. ‘तुम्ही त्या दिवशी कोणाच्या हद्दीत होतात?’ एवढे विचारा. शेकडो वर्षांपूर्वीच्या तंबूंची आणि घोड्यांची चित्रे दाखवून जे साधणार नाही, ते या प्रश्नाने साधते. (त्या तंबूंचा तुमच्या किनाऱ्याशी फारसा संबंधही नाही, तिथले लोक देवदाराच्या फळ्यांची मोठी लांबट घरे बांधत.)

आता तहाकडे वळू, कारण पालकांना द्यायचे उत्तर त्यातच आहे. पुरंदरचा तह आणि सालबाईचा तह शाळेत शिकलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांना वेगळे सांगायला नको की तह दोन सत्तांमध्ये होतो. राजा आपल्या प्रजेशी तह करत नाही. 22 जानेवारी 1855 रोजी मुकिल्टिओ येथे अमेरिकेच्या वतीने गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स आणि प्युजेट साउंड या सिअ‍ॅटलजवळच्या सागरी खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अनेक जमातींचे प्रमुख यांच्यात पॉइंट एलियटचा तह झाला. ज्यांच्या नावावरून शहराला सिअ‍ॅटल हे नाव मिळाले, ते दुवामिश आणि सुक्वामिश लोकांचे प्रमुखही स्वाक्षरी करणाऱ्यांत होते. बोलणी चिनूक जार्गन नावाच्या, मोजक्या काहीशे शब्दांच्या व्यापारी बोलीतून झाली, यावरून दोन्ही बाजू किती असमान होत्या याची कल्पना यावी. तहाने जमातींनी प्रचंड भूभाग अमेरिकेच्या स्वाधीन केला आणि पाचव्या कलमात आपल्या नेहमीच्या, वहिवाटीच्या सर्व ठिकाणी मासे धरण्याचा हक्क इतर नागरिकांच्या बरोबरीने स्वतःकडे राखून ठेवला.

‘राखून ठेवला’ हेच मुलांना समजावून सांगायचे आहे आणि पालकांनाही. आपल्याकडे एखादा शेतकरी जमीन विकतो तेव्हा विहिरीतला पाण्याचा वाटा आणि बांधावरून जाण्याची वाट खरेदीखतात नमूद करून आपल्याकडे ठेवतो. पुढे तीन पिढ्यांनी नवा मालक ‘या लोकांना माझ्या विहिरीचे पाणी फुकट का?’ असे विचारू लागला, तर गावातले जाणते लोक त्याला खरेदीखत वाचायला सांगतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1905 साली याच आशयाचा निकाल दिला. वायनन्स बंधूंनी कोलंबिया नदीकाठची जमीन घेऊन तिथे मासे उपसणारी चक्रे लावली होती आणि याकामा जमातीच्या लोकांना त्यांच्या पिढीजात जागी यायला मज्जाव केला होता. न्यायालयाने म्हटले की, तहाने मूलनिवासींना हक्क दिले असे समजणे चूक आहे. हक्क त्यांनी दिले आणि जे दिले नाहीत ते त्यांच्याकडेच राहिले.

तेव्हा त्या पालकांनी पुन्हा विचारले, तर शांतपणे तीन गोष्टी सांगा. कायदा सर्वांना सारखा आहे हे बरोबरच आहे, आणि त्याच देशाच्या संविधानाच्या सहाव्या कलमाने तहांना देशाचा सर्वोच्च कायदा ठरवले आहे. हा हक्क वर्णामुळे मिळालेला नाही. तो एका राजकीय समाजाने दुसऱ्याशी केलेल्या करारातून आलेला आहे, आणि जमातींचे सदस्यत्व वांशिक नसून राजकीय आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली स्पष्टपणे घेतली. तिसरी गोष्ट म्हणजे तहाने दोन्ही पक्षांना काहीतरी मिळाले. जमातींना मासेमारीचा हक्क राहिला, आणि बाकीच्यांना ती भूमी मिळाली जिच्यावर आज त्यांचे घर आणि तुमची शाळा उभी आहे. तहातले मासे नाकारून तहातली जमीन तेवढी ठेवता येत नाही. हे राजकारण वर्गात कशाला, या आक्षेपाला तर उत्तर फारच सोपे आहे. हा विषय शिकवावा असे विधिमंडळाने 2005 साली सुचवले आणि 2015 साली बंधनकारक केले. त्यासाठी झटणारे आमदार जॉन मॅकॉय स्वतः तुलालिप जमातीचे सदस्य होते. ‘सिन्स टाइम इमेमोरियल’ नावाचा तो अभ्यासक्रम राज्यातल्या सर्व 29 जमातींच्या संमतीचा असून शिक्षकांना विनामूल्य मिळतो. तुम्ही नेमून दिलेले काम करत आहात, हे मुख्याध्यापकांच्या उपस्थितीत सांगायला अजिबात कचरू नका.

मासे वर्गात आलेच आहेत, तर त्यांना सविस्तर वेळ द्या. निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक ज्युनियर यांना आपल्या वडिलोपार्जित नदीत मासे धरल्याबद्दल 1945 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पहिल्यांदा अटक झाली आणि पुढे अशा पन्नासहून अधिक अटका झाल्या. राज्याचे म्हणणे असे होते की, मासेमारीचे नियम आम्ही करू आणि ते सर्वांनी पाळावेत. जमातींचे म्हणणे असे होते की, हा हक्क आम्ही तुम्हाला कधी दिलाच नव्हता. 12 फेब्रुवारी 1974 रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी तहातल्या ‘बरोबरीने’ या अटीचा अर्थ लावून, धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्या माशांवर तह करणाऱ्या जमातींचा हक्क आहे, असा निकाल दिला आणि 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने तो मूलतः कायम केला. तेव्हापासून राज्य आणि जमाती मिळून माशांचे व्यवस्थापन करतात, म्हणजे हंगाम कधी सुरू करायचा आणि किती मासे अंडी घालण्यासाठी नदीत जाऊ द्यायचे, हे दोन्हीकडचे जीवशास्त्रज्ञ एकत्र बसून ठरवतात. वर्गात दोन गट करून त्यांना हेच ठरवायला द्या. काल्पनिक नदी घ्या, त्यात 1,000 सॅमन वर येत आहेत असे सांगा, अंडी घालण्यासाठी 400 सोडले पाहिजेत असे ठरवा, आणि उरलेल्या 600 चे काय होईल ते मुलांना मांडू द्या. दोघांचे 300-300 हे गणित कोणीही करेल. पण 400 ऐवजी 500 सोडावेत असे एका गटाला वाटले तर पुढे काय करायचे, यावर जी चर्चा होईल तिच्यात दोन सरकारांचा एकमेकांशी व्यवहार कसा चालतो हे मुलांना प्रत्यक्ष अनुभवता येईल.

तुम्ही योजलेले नाटक मात्र करू नये, असे मी आग्रहाने सांगते. तहाच्या प्रसंगात कोणीतरी स्टीव्हन्स होणार आणि कोणीतरी भूमी गमावणारा प्रमुख. डोक्याला कागदी पिसे येणार, तुटक इंग्रजी येणार, आणि वर्गात एखादे मूलनिवासी मूल असेल तर आपल्या पणजोबांवर गुदरलेल्या प्रसंगाचा खेळ होताना ते खाली मान घालून पाहणार. माशांच्या वाटपाचा वर सांगितलेला खेळ वेगळा आहे, कारण त्यात मुले कोणा समाजाचे सोंग आणत नाहीत, एका प्रश्नाचा निवाडा करतात. त्याच कारणाने वर्गातल्या मूलनिवासी मुलाला ‘तुमच्याकडे कसे असते ते सांग’ असे सर्वांदेखत विचारू नका. त्याने आपणहून सांगितले तर मनापासून ऐका.

तुमच्या अधिकाराच्या शंकेचे उत्तरही इथेच सापडते. जमातीच्या कथा, गाणी, विधी हे त्यांच्या कुटुंबांचे आणि वडीलधाऱ्यांचे धन आहे. ते त्यांच्या परवानगीशिवाय तुम्ही सांगू नये, मग तुम्ही नाशिकच्या असा की सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेल्या. त्यांचे सरकार हा मात्र सार्वजनिक विषय आहे आणि तहाचा दुसरा पक्ष अमेरिका आहे. त्या देशात तुम्ही राहता, कर भरता, तिथल्या सरकारी शाळेचा पगार घेता, म्हणजे तहाच्या दुसऱ्या बाजूला तुम्हीही उभ्या आहात. मागाहून आलेल्याला तहाचे फायदे मिळतात तशी त्याची बांधिलकीही येते. ती समजावून सांगण्याचा अधिकार तुम्हाला नक्कीच आहे, आणि माझ्या मते ते कर्तव्यही आहे.

वारली चित्रांविषयी. आपल्या मातीतले काहीतरी न्यावे ही तुमची इच्छा मला समजते, तरीही या घटकाची सुरुवात तिथून करू नका. चित्रे काढून घेतली की मुलांच्या मनात ‘आदिवासी म्हणजे सुंदर चित्रे’ एवढेच राहते, आणि तुम्हाला तर सत्ता आणि अधिकार शिकवायचे आहेत. महाराष्ट्रातला दाखला द्यायचाच असेल, तर गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा द्या. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा चौथीच्या मुलांना फोड करून सांगावी लागत नाही. गावाचे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात. वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि 2011 साली आपल्या जंगलातल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

पण फरक सांगितल्याशिवाय ही तुलना करू नका. मेंढ्याच्या गावकऱ्यांना जे अधिकार मिळाले, ते भारताच्या संविधानाच्या चौकटीत, आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांच्या आधाराने मिळाले; भारत सरकारने त्या गावाशी तह केलेला नाही. वनहक्क कायदा पूर्वापार हक्कांना मान्यता देतो हे खरे, परंतु तुलालिप जमातीसारखे दुसरे राष्ट्र म्हणून नव्हे. गावकरी जंगलाचा निर्णय स्वतः घेतात, एवढ्यापुरते साम्य दाखवावे आणि तिथेच थांबावे. माझे मत विचाराल तर, हा दाखला घटकाच्या शेवटी द्यावा, म्हणजे मुले आधी आपल्या परिसरातल्या जमाती ओळखतील आणि मग जगात इतरत्रही असे प्रश्न आहेत हे पाहतील.

निवासी शाळांचा विषय मुलांकडूनच निघेल, कारण अनेकांनी त्याबद्दल ऐकलेले असते. सरकारने मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून अशा शाळांत ठेवले, त्यांची भाषा बोलायला मनाई केली आणि 2024 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल माफी मागितली, एवढे सांगा. क्लेशकारक तपशील या वयात नकोत. त्याच तासाला, आज जमातींच्या शाळांत लुशूतसीद ही तिथल्या मूलनिवासींची भाषा पुन्हा शिकवली जाते हेही सांगा, कारण आपल्या मुलांनी काय शिकावे हे ठरवणे हादेखील सार्वभौमत्वाचाच भाग आहे.

एक अवघड प्रश्न मात्र तुमच्याकडे हमखास येईल. सिअ‍ॅटल शहर मुळात दुवामिश लोकांच्या भूमीवर वसले आहे, तहाच्या मसुद्यात त्यांचे नाव सर्वांत आधी येते, आणि तरीही त्या नावाच्या जमातीला केंद्र सरकारची मान्यता नाही. 2015 साली त्यांची मागणी फेटाळली गेली. दुवामिश वंशाचे लोक सुक्वामिश, मकलशूट अशा मान्यताप्राप्त जमातींतही आहेत, त्यामुळे त्यांचे खरे वारस कोण यावर मूलनिवासींमध्येही एकमत नाही. या वादात तुम्ही निवाडा देऊ नका. एखादे राष्ट्र आहे की नाही हे दुसऱ्या सरकारने ठरवावे का, हा प्रश्न मुलांच्या वहीत प्रश्न म्हणूनच राहू द्या.

शेवटी वेळापत्रकाचे. हा घटक थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात घेऊ नका, नाहीतर तो सणाच्या सजावटीत विरून जाईल. शहर, काउंटी आणि राज्य यांचे धडे ज्या महिन्यात असतील त्याच महिन्यात, त्यांच्याच मांडीला मांडी लावून जमातीच्या सरकारचा धडा घ्या. त्यापूर्वी तुमच्या शाळा डिस्ट्रिक्टमध्ये मूलनिवासी शिक्षणाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला भेटा. जवळच्या जमातीशी विचारविनिमय करणे डिस्ट्रिक्टवर कायद्यानेच सोपवलेले आहे, त्यामुळे जमातीच्या कार्यालयाला थेट ‘कोणाला तरी पाठवा’ असे कळवण्यापेक्षा तो मार्ग बरा. जमातीकडून कोणी वर्गात येणार असेल, तर मानधनाची तरतूद आधीच करून ठेवा आणि मुलांकडून प्रश्न लिहून घ्या. तुलालिपचे हिबल्ब सांस्कृतिक केंद्र तुमच्यापासून जवळ आहे. सहल तिथे न्यायची असेल तर ती घटक संपल्यावर न्या, म्हणजे वस्तू पाहताना त्या वस्तूंमागचे आजचे सरकारही मुलांना ओळखीचे असेल.